कॉफीविषयीचं मत कायम

आमच्या मामांच्या हातात पाण्याचा पेला दिला की ते तो आधी उजेडाकडे धरत, मग देणाऱ्याकडे बघत आणि विचारत, "कुठलें?"

हा प्रश्न ते कुणालाही विचारत. लग्नघरी, दवाखान्यात, देवळात. तिरुक्करुगावूरच्या देवळात तीर्थ हातावर पडलं तरी त्यांनी विचारलं. पुजारी म्हणाले, "देवीचं." मामा म्हणाले, "तें झालें. विहीर कीं नळ?" पुजाऱ्यांनी पळी उचलली आणि ते पुढच्या माणसाकडे वळले. मामी मागे उभी राहून हात जोडत होती. ते हात देवीला होते की पुजाऱ्यांना, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मामा सरकारच्या भूजल खात्यात अधिकारी होते. जमिनीखाली पाणी कुठे आहे, किती आहे आणि कुणी पळवलं, हे बघणं त्यांचं काम. "पाणी म्हणजे पाहुणा," ते म्हणत. "आलें कुठून हें विचारायला लाजायचें नाहीं. आणि तो गेला तर कुठें गेला हेंही विचारायचें." खऱ्या पाहुण्यांना मात्र त्यांनी असं काही कधी विचारलं नाही. त्यांना ते फक्त पाणी देत, आणि सोबत त्याचा पत्ता सांगत. मागच्या विहिरीचं, समोरच्या नळाचं, कावेरीचं. कुंभकोणमला आमच्या घरी तीन हंडे असत आणि तिन्हींची कामं ठरलेली. मी एकदा नळाच्या पाण्यात डाळ शिजवली. ती त्यांनी खाल्ली आणि हात धुताना एवढंच म्हणाले, "डाळ शिजली नाहीं. तिला कुणीं विचारलेंच नाहीं."

मी लहान असताना वडील गेले आणि आई मला घेऊन भावाच्या घरी आली. मामा-मामींना मूल नव्हतं, त्यामुळे मला दोघांचाही धाक आयता मिळाला. आमचं कुटुंब मराठ्यांच्या राज्यात कधीतरी इकडे येऊन राहिलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. ही आत्ता मी लिहिते आहे ती छापील मराठी मला फार उशिरा, नागपूरला गेल्यावर शिकावी लागली. तिथल्या शेजारणी माझं बोलणं ऐकून म्हणायच्या, "पुन्हा बोला ना." मला वाटायचं माझा विचार त्यांना आवडला.

आमच्या त्या मराठीतला एक शब्द नीट समजावून सांगते, कारण त्या शब्दापायी माझं लग्न अडकलं.

तमिळमध्ये एखादी गोष्ट बरी आहे, चालेल, वाईट नाही असं म्हणायचं तर 'परवायिल्लै' म्हणतात. आमच्या घरी त्याच सुरात 'हरकत नाहीं' म्हणत. गाणं कसं झालं? हरकत नाहीं. नवी सून कशी आहे? हरकत नाहीं. मामांच्या तोंडी तर ही स्तुतीची शेवटची पायरी होती. मामीच्या हातच्या केळफुलाच्या वड्यांना लग्नानंतर किती तरी वर्षांनी हरकत नाहीशी झाली, आणि तो दिवस मामी सणासारखा सांगायची. मामांना आम्ही नात्यातली मुलं पाठीमागे 'हरकतमामा' म्हणायचो. ते त्यांना माहीत होतं. त्यावर त्यांची हरकत नव्हती, पण ती कुठल्या अर्थानं, ते कळायला मार्ग नव्हता.

कोळ्ळिडम नदीच्या पलीकडे, उत्तरेला, बसनं दुपारपर्यंत पोचता येईल अशा ठिकाणी एक कोळशाची खाण होती. मोठी, सगळ्यांना ठाऊक असलेली नव्हे. ही लहान. खाण आता बंद झाली आहे, पण तिथले लोक अजून चालू आहेत, म्हणून नाव सांगत नाही. उघडी खाण. म्हणजे वरची जमीन खरवडून काढायची, बाजूला डोंगर रचायचा आणि खालचा तपकिरी कोळसा उपसायचा. त्या कोळशाच्याही खाली दाबलेलं पाणी असतं. ते सतत उपसत राहावं लागतं, नाहीतर खाणीचा तळच फुगून फुटतो. आणि ते उपसलं की आजूबाजूच्या भातशेतांच्या विहिरी खाली जातात. हे सगळं मला मामांनी जेवताना सांगितलं होतं. भाताची खाण, मध्ये रस्समचं पाणी, कडेला वडीचा डोंगर. माझं पान हे त्यांचं प्रात्यक्षिक असे आणि त्यांचं पान जेवायचं असे.

या खाणीवर देखरेख ठेवायला एक आढावा समिती होती आणि मामा तिचे सदस्य होते. समितीनं दोन गोष्टी बघायच्या. कोळसा काढून झालेला खड्डा पुन्हा भरून, वर सुपीक माती पसरून झाडं लावली की नाहीत. आणि भोवतीच्या गावांचं पाणी किती उतरलं. पाणी मोजायला शेतांच्या कडेनं जमिनीत उभे नळ पुरलेले असत. त्यांना निरीक्षण-विहिरी म्हणत. मामा त्यांना 'नाडी' म्हणत. खडू फासलेली पोलादी पट्टी ते त्या नळात सोडत. खडू भिजला तिथे पाणी. ही पट्टी आमच्या घरी देवघराच्या शेजारी टांगलेली असे, आणि दसऱ्याला तिची पूजा होत असे.

खाणीतल्या कामातली एक गोष्ट मामांच्या विशेष जिव्हाळ्याची होती. खणताना वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवायची, म्हणजे खड्डा भरल्यावर ती पुन्हा वर पसरता येते. ती खालच्या मुरमात मिसळली तर मग तिथे काही उगवत नाही. आई मला रागवायला लागली की जुन्या जुन्या चुका उकरून काढी. मामा ओसरीवरून म्हणत, "खणतेस तर खण. पण वरची माती वेगळी ठेव. उद्यां पसरायला लागेल." आई त्यावर आणखी चिडे, पण मला एक पाहिल्याचं आठवतं. त्यानंतर ती वडिलांचं नाव मध्ये आणत नसे.

समितीचे एक नवे अध्यक्ष नागपूरहून आले. मराठी माणूस. मामांना इतका आनंद झाला की पहिल्या पाहणीच्या दिवशी ते स्वच्छ उपरणं घेऊन गेले. खाणीच्या लोकांसमोर आपल्याला खासगीत बोलता येईल, असा त्यांचा हिशेब होता. संध्याकाळी परत आले ते खुशीत. "अध्यक्ष म्हणाले, तुमचें बोलणें ऐकलें कीं कुणीतरी बखर वाचतेंय असें वाटतें." हे कौतुक नसावं अशी शंका मला नागपूरला गेल्यावर आली. तोवर मामांना ते पचून गेलं होतं.

त्या पाहणीत काय झालं ते त्यांनी आम्हाला सविस्तर सांगितलं. खाणीच्या लोकांनी एक भरलेला डोंगर दाखवला. हिरवागार, झाडांच्या ओळी. एक अधिकारी म्हणाला, गेल्या वर्षीची लागवड. मामांनी एका झाडाला हळूच धरलं, तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीसकट हातात आलं. मामांनी ते पुन्हा खड्ड्यात ठेवलं, पायानं माती दाबली आणि म्हणाले, "त्याची काय चूक." मग अध्यक्षांना मराठीत म्हणाले, "लग्नाला भाड्यानें आणलेले दागिने." अध्यक्ष मोठ्यानं हसले. मामांना वाटलं, हसले म्हणजे नोंद झाली.

यानंतर सगळे अतिथिगृहात गेले आणि कॉफी आली. हा भाग मामांनी त्या दिवशी आम्हाला सांगितला नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. तो कळला नंतर.

पुढच्या महिन्यात मला एक स्थळ आलं. मुलाचं नाव मुरली, घर तिरुविडैमरुदूरचं, आपल्यातलंच, विठ्ठलाच्या भजनाला गोविंदपुरमला येणारं. मुलगा इंजिनियर. आईनं तिथपर्यंत ऐकलं आणि देवापुढे दिवा लावला. मग कळलं की मुलगा त्याच खाणीत आहे, आणि तोही पाण्याच्या विभागात.

आमच्यात घरं मोजकी, त्यात शिकलेले मुलगे मोजके, आणि मी तोवर चार ठिकाणी दाखवून झालेली. शेवटी मामा म्हणाले, "पाहायला हरकत नाहीं. पाहणी म्हणजे मान्यता नव्हे."

आमच्याकडे मुलगी पाहायला येतात तेव्हा गोड सोज्जी, म्हणजे शिरा, आणि गरम बज्जी करतात, आणि मुलगी एक गाणं म्हणते. आईनं शेजारणीची कंठी मागून आणली. मामांनी ती परत पाठवली. "भाड्यानें आणलेले दागिने नकोत." रेशमी साडीही नको, रोजची. गाणंही नको. "पाहुण्यांसाठीं बसवलेलें गाणें म्हणजे पिशवीतलें झाड. ओढलें कीं हातांत येतें." आई रडली. माझ्या आवाजाचा विचार करता मामांचा हा निर्णय जनहिताचाच होता. आधीच्या चारांपैकी दोन ठिकाणी सोज्जीपर्यंत सगळं ठीक होतं.

मुरली आणि त्याची आई आली. त्याची आई प्रवासात बाहेरचं पाणी प्यायची नाही, म्हणून तिच्या हातात फिरकीच्या झाकणाचा पितळी कूजा होता. मामांनी तो बघितला आणि माझ्याकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही.

"कुठलें?" मामांनी विचारलं.

"आमच्या वसाहतीतलें," मुरली म्हणाला. "खाणींतून उपसतात तेंच."

मामांनी पेला पुढे केला. मुरलीच्या आईनं त्यात पाणी ओतलं. मामांनी ते उजेडाकडे धरलं, घोट घेतला, तोंडात ठेवला, डोळे मिटले. मग म्हणाले, "हरकत नाहीं."

मामी दारातून आत वाकली. इतक्या लवकर हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता.

मुरलीची आई खूश झाली. "तुमचें हरकत नाहीं म्हणजे काय, आम्हांला ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून तर आलों. म्हटलें, मामांनीं खाणीला हरकत नाहीं म्हटलें, आतां मुलीकडे जायला हरकत नाहीं."

"खाणीला कुणीं म्हटलें?" मामा म्हणाले.

"तुम्हींच. समितीचा कागद आला कीं," मुरली म्हणाला. "सगळ्या सदस्यांची लागवडीला आणि पाण्याला संमती. तुमचें नांव आहे."

मामा पेला हातात धरून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसाची सगळी पाहणी पुन्हा एकदा चालत गेली, ती आम्हाला दिसत होती. डोंगर, झाड, पिशवी, अध्यक्षांचं हसणं. मग अतिथिगृह.

"कॉफी," ते म्हणाले.

मामी लगबगीनं कॉफी आणायला वळली. "बस तूं," मामा म्हणाले. "त्या दिवशींची कॉफी."

झालं होतं असं. अध्यक्षांच्या एका हातात अहवालाचा मसुदा होता आणि दुसऱ्या हातात पेला. त्यांनी विचारलं, "काय राव, हरकत नाही ना?" मामांनी नुकताच घोट घेतला होता. कुंभकोणमच्या माणसाच्या हातात कॉफी असताना तिच्याखेरीज दुसऱ्या कशाबद्दल कुणी विचारील, हे त्यांच्या मनातही आलं नाही. कॉफी खरोखर चांगली होती. ते म्हणाले, "हरकत नाहीं." आणि प्रामाणिकपणे पुढे म्हणाले, "चिकोरी थोडी कमी असती तर बरें." अध्यक्षांना ती इकडची म्हण वाटली. त्यांनी मान डोलावली आणि सही केली.

मुरली हसला. त्या खोलीत तो एकटाच हसला, आणि मला तो तेव्हाच आवडला. पण मामांचं संपलं नव्हतं.

"पश्चिमेच्या शेतांकडची नाडी," ते म्हणाले. "तिचा आंकडा दर महिन्याला तोच कां असतो?"

बज्जी निवत होत्या. मुरलीच्या आईनं मुलाकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ माझ्यासारख्या मंद मुलीलाही कळला. तो मुरलीला कळला नाही, किंवा कळून त्यानं बाजूला ठेवला.

"तिच्यांत पट्टी उतरतच नाहीं, मामा," तो म्हणाला. "नळ गाळानें भरलाय. मागच्या महिन्याचा आंकडाच पुढें लिहितात. मी वर सांगितलें. वर म्हणाले, समितीची हरकत नाहीं, तुझी काय आहे?"

"हें तूं मुलीच्या मामाला सांगतोस कीं समितीच्या सदस्याला?"

मुरलीनं थोडा विचार केला. "तुम्हीं दोघे वेगवेगळे बसला असतां तर विचारून सांगितलें असतें," तो म्हणाला.

मामांनी पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग मुरलीच्या आईला म्हणाले, "बाई, मुलगा चांगला आहे. म्हणून सांगतों. आमची हरकत आहे."

त्याच आठवड्यात मामांनी समितीला इंग्रजीत पत्र लिहिलं. ते त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं, आईला कळावं म्हणून मराठीत. "पाहणीच्या दिवशीं अतिथिगृहांत मी उच्चारलेलें 'हरकत नाहीं' हें वाक्य जमिनीच्या भरणीविषयीं अथवा भूजलाविषयीं नसून कॉफीविषयीं होतें. भरणी व भूजल यांना माझी हरकत आहे. कॉफीविषयीचें मत कायम आहे."

आईनं पत्राचं काही ऐकलं नाही. तिला एकच दिसत होतं. ती भावाला म्हणाली, "अण्णा, पाणी मोज, खाण बुजव, काय हवें तें कर. पण मुलीनें काय केलें?"

"खाणीला हरकत असतांना खाणीच्या माणसाला मुलगी देतां येत नाहीं," मामा म्हणाले. "उद्यां हरकत मागें घ्यायची वेळ आली तर लोक म्हणतील, हुंड्यांत शेरा दिला."

"मग समिती सोड."

"मी सोडली तर हरकत कोण घेईल?"

"हरकत घेणारा देशांत तूं एकटाच उरलास कीं?"

मामांनी प्रामाणिकपणे विचार केला. "त्या समितींत, होय."

त्यानंतर आई जे बोलली ते सगळं रस्त्यावर ऐकू गेलं. समोरच्यांनी मराठी येत नसूनही खिडकी उघडली. शेवटी ती थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "वरची माती वेगळी ठेवलीय. काळजी करूं नको." मग आत जाऊन तिनं त्यांचं पान वाढलं.

मुरलीच्या आईचा निरोप आला. मुलगी पसंत आहे, सोज्जी पसंत आहे, मामा पसंत नाहीत. तरी थांबते. ती थांबली त्याला कारण मुरली होता. खाणीनं त्याला पाण्याच्या विभागातून काढून शिक्षा म्हणून पुंगाची, म्हणजे करंजाची, झाडं लावायला पाठवलं होतं. त्यानं आईला सांगितलं होतं की खरी मुळं धरलेलं एक तरी झाड दिसेपर्यंत मी दुसरी मुलगी बघणार नाही. मुलगा माझ्यासाठी थांबला की झाडांसाठी, हे मी त्याला अजून विचारते. तो म्हणतो, दोन्हीकडे पाणीच घालावं लागलं.

अशा रीतीनं माझं लग्न एका गाळानं भरलेल्या नळात जाऊन बसलं. शेजारणी आईला विचारत, "कुठे अडलंय?" आई सांगे, "पश्चिमेच्या शेतांकडे." लोकांना वाटे, मुलाची जमिनीची भांडणं आहेत.

समितीनं जुन्या नळाच्या शेजारी नवा नळ पुरायला लावला. पाणी खरं कुठे आहे ते कळलं तेव्हा गावकऱ्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या विहिरींनी ते आधीच सांगितलं होतं. उपसलेलं पाणी पश्चिमेच्या गावतळ्यांत सोडायचं, त्या बाजूचा खड्डा आधी भरायचा, वर वेगळी ठेवलेली माती पसरायची, असं ठरलं. ठरणं आणि होणं यांच्यामध्ये पावसाळे गेले. प्रत्येक पावसानंतर मामा पट्टी घेऊन जात. परत आले की आई विचारी, "किती?" मामा म्हणत, "गोपनीय." पण आम्ही ओळखायला शिकलो. पाणी उतरलं असेल तर ते रस्समवर थांबत. चढलं असेल तर पुन्हा ताक मागत. एका वर्षी त्यांनी ताक तिसऱ्यांदा मागितलं आणि आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

त्या काळात मामी मला गोविंदपुरमला भजनाला न्यायची. मुरलीही आईबरोबर यायचा आणि झांजा वाजवायचा. मी गात नसे आणि तो तालात वाजवत नसे, त्यामुळे आमचं बरं जमलं. बोलणं फारसं होत नसे. एकदा प्रसादाच्या रांगेत तो मागून म्हणाला, "पुंगाच्या एका रोपानें मूळ धरलें." मी म्हटलं, "ओढून पाहिलें?" तो म्हणाला, "दोनदां." इतकं रसाळ बोलणं मला आजवर कुणी बोललेलं नाही. मामा मात्र त्या काळात गोविंदपुरमला आले नाहीत. विठ्ठलाविषयी त्यांचं काही म्हणणं नव्हतं. "तिथें हितसंबंध आहेत," ते म्हणत आणि घरीच टाळ घेऊन बसत.

एके दिवशी दुपारी ते खाणीहून परतले, पट्टी जागेवर टांगली, पाय धुतले आणि ओसरीवर बसून आईला हाक मारली. समितीला पाणी चढल्याचा कागद दिला, म्हणाले, आणि त्याखाली सदस्यत्वाचा राजीनामाही दिला. आता आपलं तिथे काही नाही, म्हणाले.

"तूर्त हरकत नाहीं," ते म्हणाले.

आई हात पुसत बाहेर आली. या माणसाबरोबर तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. "कशाला?" तिनं विचारलं. "खाणीला, लग्नाला कीं कॉफीला?"

"तिन्हींना," मामा म्हणाले. "क्रमानें."

कन्यादान मामांनीच केलं. वाध्यार, म्हणजे आमचे पुरोहित, उदकासाठी हात पुढे करायला लागले तेव्हा मामांनी पिशवीतून काचेची बाटली काढली. तिच्यावर कागद चिकटवलेला होता: 'नमुना. पिऊं नये.' वाध्यारांनी तो वाचला आणि मामांकडे पाहिलं.

"कावेरीचें नाहीं?"

"पश्चिमेच्या शेतांकडचें," मामा म्हणाले. "हिच्या लग्नाचें आहे."

मामी पाणी ओतायला सज्ज झाली. माझा हात मामांच्या हातात, खाली मुरलीचा. "उदक सोडा," वाध्यार म्हणाले. मामांनी हात वाकडा केला नाही. वाध्यार पुन्हा म्हणाले, "सोडा, राव." त्यांना वाटलं मामांना ऐकू आलं नाही. मला त्यांचा हात लागत होता, त्यामुळे मला कळत होतं की ऐकू आलं आहे. आयुष्यभर ज्या माणसानं थेंब कुठे गेला याचा जाब विचारला, त्याला तो हातानं सोडायला सांगत होते. मग मामी अगदी हळू म्हणाली, "कुठें जातेंय तें दिसतेंय कीं तुम्हांला." तेव्हा त्यांनी हात वाकडा केला.

पुढे खाण बंद झाली आणि मुरलीला विदर्भातल्या कोळशाच्या खाणीत नोकरी मिळाली. नागपूरला पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं पुरणपोळी दिली आणि कशी झाली विचारलं. मी मनापासून म्हटलं, "हरकत नाही." तिनं पुन्हा वर्षभर काही पाठवलं नाही. मामांचा अध्यक्षांशी झालेला घोटाळा मला त्या दिवशी मुळापासून समजला.

मामा गेले ते चित्रैच्या, म्हणजे चैत्र-वैशाखाच्या, उन्हाळ्यात. शेवटी मी जवळ होते. पाणी दिलं की मामा नुसते माझ्याकडे बघत, आणि मी न विचारता सांगत असे, "मागच्या विहिरीचें." मग ते ओठ उघडत.

दहाव्याला आम्ही कावेरीच्या पायऱ्यांवर गेलो. मूल नव्हतं म्हणून मुरलीच सगळं करत होता. नदीत पाणी नव्हतं. पायऱ्या संपत होत्या तिथून वाळू सुरू होत होती आणि वाळूत कुणाची तरी म्हैस बसलेली होती. वाध्यारांना सवय होती. त्यांनी हाक मारली आणि एका माणसानं प्लॅस्टिकच्या घागरीतून पाणी आणून ठेवलं. मुरलीनं दर्भ घातलेल्या बोटांत तीळ घेतले. वाध्यार पळीनं पाणी घालायला वाकले, तोच मुरलीनं हात मागे घेतला.

"कुठलें?" तो म्हणाला.

वाध्यार थांबले. ऊन चढत होतं आणि त्यांची अजून दोन घरं बाकी होती. "मागच्या बोअरचें," ते म्हणाले. "नदीच्या खालचेंच आहे. खालून काढतात, वरून देतात."

मुरलीनं माझ्याकडे पाहिलं. मी घागरीत बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि मामांसारखे डोळे मिटले.

"हरकत नाहीं," मी म्हटलं.

माझ्या मागे मामी उभी होती. "तूर्त," ती म्हणाली.

मुरलीनं हात पुढे केला.